आठवणींची वहिवाट

साशंक : तुझी वही मी अथपासून इतिपर्यंत वाचली. वर्णने हुबेहूब उतरली आहेत, आणि कोलाडच्या पंचक्रोशीत जन्मलेल्या कोणाही वृद्धाचा कंठ दाटून यावा इतके सामर्थ्य तिच्यात आहे, हे मी प्रथमच मान्य करते. परंतु माझी हरकत नेमकी त्या सामर्थ्यालाच आहे. कुडाच्या भिंती, पावसाळ्यापूर्वी शाकारलेले छप्पर, घासलेटाच्या चिमणीचा उजेड, नाचणीची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील, आषाढात लावणीला निघालेली इरल्यांची रांग, गौरीच्या रात्रीचे नाच, शिमग्याची पालखी, यांतील एकही गोष्ट तू रचलेली नाहीस. तरीही वही मिटल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या संपूर्ण घरात कोणीही दमलेले नाही. पाणी आपोआप हंड्यात येते, भात आपोआप कांडले जाते, जमीन आपोआप सारवली जाते, आणि ह्या सर्व व्यवहाराच्या मध्यभागी एक मुलगा तृप्त मनाने बसलेला आहे. ज्या दारिद्र्यातून आपल्याला बाहेर काढण्यासाठी आईबापांनी आयुष्य झिजविले, ते दारिद्र्य तुझ्या वहीत अलंकारासारखे शोभून दिसते. जो मनुष्य मिसरूड फुटण्यापूर्वीच मुंबईला गेला, त्याला ते तसे दिसणे स्वाभाविक असेल. मी इथेच राहिले, इथल्याच शाळांतून शिकविले. आणि तू ज्यास हरवलेले गाव म्हणतोस ते माझ्या डोळ्यांसमोरून एक दिवसही हलले नाही, म्हणून त्याचा शोक करण्याची सवडही मला कधी मिळाली नाही.

स्मरणशील : अक्का, दारिद्र्याची स्तुती केल्याचा आरोप मी स्वीकारणार नाही. उपासमारीचे गोडवे गाणारा मनुष्य एक तर स्वतः कधी उपाशी राहिलेला नसतो, किंवा त्याला इतरांना उपाशी ठेवावयाचे असते. मी ह्या दोहोंपैकी कोणीही नाही. श्रावण लागण्यापूर्वीच कणगीचा तळ दिसू लागे, आणि बाबांची मनीऑर्डर लांबली की आई पदराखाली टोपली घेऊन दिढीने भात आणावयास जाई, हे वहीत आहे. मला टिपावयाचे होते ते त्या अभावाच्या भोवती जे जीवन पसरलेले होते ते. वलगणीचीच रात्र घे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओहोळ फुगले की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढत, बांधांच्या फटींतून खाचरांत शिरत, आणि त्या रात्री कोंडातील घराघरांतून माणसे बाहेर पडत. कोणाच्या हाती टेंभा, कोणाच्या हाती कोयता, कोणाकडे नुसती टोपली. गुडघाभर गढूळ पाण्यात उभे असताना एखादा मासा पोटरीला धडकून निसटे, आणि ते धडकणे आजही मला ओळखीच्या माणसाच्या हाकेइतके स्पष्ट जाणवते. पहाटे वाटे पडत, आणि ज्या घरी पुरुषमाणूस नव्हते त्या घराच्या ओट्यावरही एक वाटा निमूटपणे ठेवला जाई. वर्षभर पसा-पसा मोजून जगणाऱ्या माणसांना त्या एका रात्री मोजावे लागत नसे.

हे सर्व कोठे नोंदलेले आहे? कचेरीच्या दप्तरात आपल्या घराण्याविषयी काय मजकूर आहे? सातबाऱ्यावर कूळ म्हणून आजोबांचे नाव, जमाबंदीच्या कागदात साऱ्याचा आकडा, शाळेच्या पटावर आपल्या जन्मतारखा, आणि त्याही मास्तरांनी अदमासाने घातलेल्या. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाराला मालक ठरविणारा दिवस ठरला, हे ग्रंथांत वाचावयास मिळते. परंतु मालक ठरलेल्या मनुष्याने त्या वर्षीच्या मृगात आपल्या खाचरात पहिले पाऊल कसे टाकले, हे पाहावयास कोणते दप्तर उघडावे? वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर वाढलेला जॉर्ज लॅमिंग लंडनला जाऊन राहिला, आणि तेथून त्याने १९५३ साली आपल्या गरीब गावावरची कादंबरी प्रसिद्ध केली. जमीनदाराच्या मर्जीवर जगणाऱ्या त्या गावाची जगाला ओळख झाली ती गाव सोडून गेलेल्या एका मुलामुळे. गावातच राहणाऱ्याला रोजच्या कामाच्या रगाड्यात गाव न्याहाळता येत नाही; ते काम दूर गेलेल्याकडे येते, आणि ते त्याने टाळू नये असे मला मनापासून वाटते.

साशंक : लॅमिंगचे नाव तू घेतलेस म्हणून विचारते, त्याच्या कादंबरीच्या शेवटी काय होते? गावाची जमीन गावकऱ्यांच्या पायाखालून विकली जाते, आणि जन्मभर तेथे राहिलेल्या वृद्धाला निराधारांच्या घरात जाण्याची पाळी येते. त्याने आपले बालपण लिहिले, परंतु त्या बालपणाखालची जमीन कोणाच्या मालकीची होती हे तो क्षणभरही विसरला नाही. तुझी वही वलगणीच्या रात्रीपाशी थांबते. त्या रात्री मी कोठे होते हे तुला आठवते काय? मी घरी होते, धाकटीला मांडीवर घेऊन, कारण मुलींनी रात्री पाण्यात उतरावयाचे नसे. पहाटे तुम्ही आणलेली मासळी साफ करावयास मात्र मला उठविले जाई. तुला माशाचे धडकणे आठवते, माझ्या बोटांना त्याचे काटे आठवतात.

आणि ती पेज. तिच्यावर तू पानभर लिहिले आहेस. तिची वाफ, तिच्या सोबतीला मिठाचा खडा आणि भाजलेली सुकट, थंडीतल्या सकाळी वाडग्याभोवती धरलेले हात, सारे काही त्या पानात आहे. पळी तेवढी नाही. मडके चुलीवरून उतरले की कण्या तळाशी बसत आणि वर निवळ पाणी राही. आई वाढू लागली की पळी दोन तऱ्हांनी बुडे. तुझ्या वाडग्याच्या वेळी आणि बाबा रजेवर आलेले असले तर त्यांच्या वाडग्याच्या वेळी ती तळापर्यंत जाई, मडक्याला घासल्याचा आवाज होई, आणि वर येताना आईचे मनगट किंचित वाके, इतकी ती जड असे. माझी पाळी आली की पळी दोन बोटे खाली जाऊन परत येई. स्वतःसाठी तिने कधी पळी बुडविलीच नाही. सर्वांचे झाल्यावर ती मडके तिरपे करी आणि जे येईल ते घेई. ह्या विषयावर घरात कधी एक शब्द निघाला नाही. मीही विचारले नाही, कारण ह्यात विचारण्यासारखे काही आहे असे मला वाटत नव्हते. पळी अशीच चालते, एवढेच मला ठाऊक होते. पुढे माझ्या वर्गात पाटीवर डोके टेकून झोपणाऱ्या मुली पाहिल्या, तेव्हा त्यांच्या घरची पळी मला न पाहताच दिसली.

स्मरणशील : ती पळी मला दिसली नाही, कारण ती माझ्या बाजूने बुडत होती. आता तू सांगितल्यावर ती माझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही. तरीही एक गोष्ट तू ऐकून घे. आठ वर्षांच्या मुलाला जे दिसले नाही ते त्याच्या तोंडी घातले, तर ते बालपण राहत नाही. तो मामलेदारापुढचा जबाब होतो, आणि तोही शिकविलेल्या साक्षीदाराचा. त्या मुलाचे अज्ञान हेही त्या घरातले एक सत्य होते, आणि आईने ते परिश्रमपूर्वक राखले होते. आपण दरिद्री आहोत हे मला पुष्कळ वर्षे कळले नाही, ह्यात तिचे यश आहे असे मी समजतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तीत कर्ज आहे, अपमान आहे, औषधावाचूनचे आजारपण आहे. तरीही कोकणातल्या त्या घराचा जिव्हाळा पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राला पुरला. दुःख आणि माया एकाच चुलीपाशी बसू शकतात, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला पटवून दिले.

साशंक : त्या पुस्तकाला मीही मनोभावे नमस्कार करते. परंतु त्यातली आई जे सोसते ते सारे अखेरीस मुलाच्या संस्कारासाठी खर्ची पडते, आणि तेव्हापासून मराठी मनाला अशी सवय जडली, की आईच्या हालअपेष्टा वाचताना हे असे का होते हे विचारण्यापूर्वीच डोळे पुसावेत. त्याच कोकणच्या मातीतून उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली आले. तिथेही आई आहे, बांबूच्या कामट्यांनी सुपे-टोपल्या विणणारी, आणि लेक तिला पाहते आहे. पण ती लेक त्या विणकामाच्या मागची जात, भूक आणि बाईपण ह्यांतले काहीही झाकून ठेवीत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. ह्या लेखकांनाही बालपण होते, त्यांनाही गावाची ओढ होती. आणि तरी गावाने आपल्याला काय दिले ह्याबरोबर गावाने आपल्यापासून काय राखून ठेवले हे त्यांनी लिहिले. तुला जी मुभा मिळाली ती प्रत्येकाला मिळत नाही.

स्मरणशील : मुभा म्हणतेस ती एका बाबतीत तरी सर्वांना सारखी होती. नदी कोणाची खाजगी नव्हती. वैशाखात कोकणातल्या बहुतेक नद्या खडकांच्या रांगा होऊन पडतात, विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि आपली कुंडलिका मात्र त्या उन्हातही थंडगार पाण्याने भरून वाहत असे. तिच्या डोहात कोंडातली मुले पोहली, वाडीवरची कातकऱ्यांची मुलेही पोहली, तिच्या कडेला बायकांनी धुणी धुतली, गुरे पाणी प्याली. त्या पाण्यासाठी कोणाच्या ताटातले काही काढून घ्यावे लागले नाही. निदान हा आनंद तरी मला निःशंकपणे माझा म्हणता यावा.

साशंक : वैशाखात कुंडलिका का वाहते, हे चौथीच्या वर्गाला भूगोल शिकविताना मी दरवर्षी सांगत असे. घाटमाथ्यावर मुळशीला धरण आहे. तिथे अडविलेले मुळेचे पाणी निसर्गाच्या नियमाने पूर्वेला जावयाचे, भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोहोचावयाचे. ते डोंगरातून पश्चिमेकडे वळविले, नळांतून कड्याखाली भिऱ्याला उतरविले, आणि १९२७ पासून त्याच्यावर वीज निघू लागली. यंत्रे फिरवून मोकळे झालेले ते पाणी आपल्या नदीत येते; म्हणून ती उन्हाळ्यात भरलेली, आणि पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावरून कालवे निघून उन्हाळी भात पिकू लागले तेही त्याच पाण्यावर. परंतु धरण होण्यापूर्वी त्या खोऱ्यात गावे होती. मावळच्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ ह्या काळात सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते त्याच लढ्यात. विनायकराव भुस्कुट्यांसारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. बायका-पुरुष तुरुंगात गेले. आणि अखेरीस घरे, देवळे, भाताची खाचरे पाण्याखाली गेली. तू ज्या डोहात उडी मारीत असस, तिथले वैशाखातले पाणी दुसऱ्या मुलांच्या अंगणावर साठून मग तुझ्यापर्यंत आलेले होते. त्या मुलांनाही म्हातारपणी आपले गाव पाहावेसे वाटले असेल. पाहावयास गाव नव्हते.

आणि भिऱ्याची वीज कोठे गेली? मुंबईला, गिरण्यांना आणि आगगाड्यांना. बाबा ज्या खात्यात साच्यावर उभे राहत, ते खाते आपल्या डोंगरावरून उतरलेल्या पाण्याच्या बळावर चालत होते. आपल्या घरात मात्र चिमणी होती. तिच्या ज्योतीभोवती जमलेल्या कुटुंबाचे चित्र तू फार सुंदर रेखाटले आहेस. वीजघर काही कोसांवर असताना आपण चिमणीशी का बसलो होतो, हा प्रश्न त्या चित्रात कोठेही उमटत नाही.

स्मरणशील : हे ऐकून माझी वही खोटी ठरत नाही, अपुरी ठरते, आणि अपुऱ्या लेखनाला उपाय असतो. बाबांचा साचा फिरवून निघालेले पाणी आपल्या घाटावरून वाहत होते, हे मी लिहीन, मुळशीचे लिहीन, चिमणीचा प्रश्नही लिहीन. परंतु ते सारे लिहूनही त्या डोहात उडी मारताना मला झालेला आनंद तिळमात्र उणा होत नाही, हे तुला सांगितले पाहिजे, कारण माझ्या मनाशी मी तो पुष्कळदा ताडून पाहिला आहे. प्रत्येक सुखाच्या उगमापर्यंत जाऊन तिथे कोणाची हानी झाली नाही अशी खात्री झाल्यावरच ते आठवावयाचे, असा दंडक घातला तर पृथ्वीवरच्या कोणालाही काहीही आठवता येणार नाही. मुळशीच्या शेतकऱ्यालाही नाही, कारण त्याच्याही बांधावर कोणी तरी भूमिहीन राबत असेल.

शिवाय, ज्या ओढीचा तू संशय घेतेस तिच्याच बळावर मुळशीची माणसे उभी राहिली, हे तू का विसरतेस? मोबदल्याचा हिशेब मांडून कोणी एवढे सोसत नाही. आपले घर, आपला देव, आपली काळी जमीन ह्यांच्यावरचे प्रेम नसते, तर तो सत्याग्रह झालाच नसता. आपल्याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसावयाचे नाकारले, लाकडे विकून दिवस काढले, ते काय ज्या खाचरांवर माया नव्हती त्या खाचरांसाठी? गावाची आठवण मनुष्याला हळवे करते हे मी मान्य करतो, पण ती त्याला ताठही करते.

साशंक : भेद इथेच आहे, आणि तो तू स्वतःच माझ्या हाती दिलास. मुळशीच्या माणसांची आठवण काही मागत होती. चरीच्या माणसांची आठवण मागत होती. पिकातला न्याय्य वाटा मागत होती, जमिनीवरचा हक्क मागत होती, आणि ज्याच्याकडे मागावयाचे त्याचे नावही तिला ठाऊक होते. तुझी आठवण कोणाकडे काहीही मागत नाही. ती केवळ असते, आणि असण्यातच तृप्त आहे. अशा तृप्त आठवणीला फार लवकर गिऱ्हाईक मिळते.

आंबेवाडी नाक्यापासून महामार्गाच्या कडेने जाऊन पाहा. चुलीवरचे जेवण मिळेल असे फलक लागलेले आहेत. हिवाळ्यात आपण वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडके उपडे करून पोपटी लावीत असू, ती आता आगाऊ पैसे भरून लावून मिळते. भिऱ्याहून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर रबरी होड्या जातात आणि लोक आनंदाने ओरडतात. त्यांच्या आनंदाचा मला राग नाही. आपल्या गावच्या पोरांना त्यातून काम मिळते, आणि ज्यांनी धाटावच्या कारखान्यांत किंवा मुंबईत जाऊन आयुष्य वेचले असते अशी काही मुले त्यामुळे घरी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहते. परंतु जमीन जाते आहे. नदीकाठचा तुकडा विकत घ्यावयास येणारा मनुष्य दर विचारण्यापूर्वी तुझ्यासारखेच बोलतो. किती शांत, किती साधे, इथली माणसे थोडक्यात किती समाधानी. आपल्या आजोबांनी जी जमीन कूळ म्हणून कसली आणि कायद्याने मिळविली, ती एका पिढीत खरेदीखताने दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या बंगल्याच्या ओसरीत शोभेसाठी जाते मांडलेले असते. त्या जात्यावर आईचे हात होते. तुझी वही छापली गेली, तर तिचे पहिले प्रेमळ वाचक कोण असतील ह्याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि ज्या कातकरी मुलांचा उल्लेख तू आताच केलास, त्यांपैकी एकाने तुला शेताच्या बांधातले मुठे हाताने धरावयास शिकविले, असे वहीत आहे. तो आपल्या दारी आला की चहा कशातून घेत असे, ते वहीत नाही. कुडाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी वेगळी करवंटी ठेवलेली होती. दिवाळी झाली की त्यांचे बिऱ्हाड कोळशाच्या भट्टीवर निघून जाई आणि पावसाच्या तोंडावर परत येई. पुढे शिक्षिका झाल्यावर मी त्याच वाडीवरच्या मुलांच्या नावांपुढे महिनेच्या महिने गैरहजेरीच्या खुणा केल्या. तो तुझ्या बालपणात फक्त पावसाळ्यात येतो, ह्याचे कारण त्याला उरलेले आठ महिने बालपणच नव्हते.

स्मरणशील : करवंटी मला आठवते. ती कोठे पालथी घातलेली असे तेही आठवते. ती मी लिहीन, आणि ती लिहिणे सोपे नाही, कारण ती ज्या हाताने धुतली जात नसे तो हातही आपल्याच घरातला होता. परंतु अक्का, तू आता जी मागणी करते आहेस तिच्या परिणामाकडे मला तुझे लक्ष वेधावयाचे आहे. तो मुलगा मुठे धरण्यात निष्णात होता. बिळाच्या तोंडाशी हात ठेवून आत खेकडा आहे की साप आहे हे तो ओलाव्यावरून ओळखी, नांगीला बोट न देता पाठीवरून धरून अलगद बाहेर काढी, आणि माझ्या धांदलीकडे पाहून पोट धरून हसे. मी जर त्याच्याविषयी केवळ करवंटी आणि भट्टी एवढेच लिहिले, तर मी त्याला पुन्हा एकदा दाराबाहेरच ठेवतो. तो हसत होता. त्याचे कौशल्य माझ्याहून अधिक होते आणि ते त्याला ठाऊक होते. ज्यांच्या नावावर जमीन नाही, ज्यांचे नाव हजेरीपटावर टिकत नाही, त्यांच्याजवळ जे काही सुखाचे क्षण होते तेही आपण संशयाने तपासून बाजूला ठेवावयाचे काय? पूर्वी वेठीला धरून नेत आणि ओझी वाहावयास लावीत. आता गरिबाने तोंड उघडले तर दुःखाचीच साक्ष द्यावी असा आग्रह धरणे, ही मला दुसरी वेठ वाटते. श्रीमंताला आपले बालपण नुसते आठवावयास मोकळीक आहे. त्याला कोणी विचारीत नाही, की तुझ्या आठवणीने कोणाचे काय भले होते. आपल्यालाच ही किंमत का द्यावी लागावी?

साशंक : ह्याला मजजवळ तयार उत्तर नाही. म्हणून जी गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही ती तुला सांगते, आणि तिचे काय करावे ते तूच मला सांग. फायनलच्या परीक्षेच्या वर्षी, उन्हाळ्यात, मी एकटीच पहाटे नदीवर धुणे घेऊन जात असे. भिऱ्याची यंत्रे चालू झाली की पाणी चढे. त्यापूर्वी खडक उघडे असत. मी धुणे आटोपून त्या खडकांवर पुस्तक घेऊन बसे, आणि पाणी पायांच्या बोटांना लागेपर्यंत वाचीत असे. घरी कोणाला हे ठाऊक नव्हते. तेवढा वेळ कोणी मला हाक मारीत नव्हते, कोणाचे मूल माझ्या कडेवर नव्हते, आणि जे मी वाचीत होते ते मला समजत होते. त्या वेळेइतकी सुखी मी पुढे पगार मिळू लागल्यावरही झाले नाही. आता हे मी माझ्या विद्यार्थिनींना का सांगितले नाही? कारण मला भय वाटले, की ऐकणारा म्हणेल, पाहा, सोयी नव्हत्या तरी मुली शिकल्याच की. धुणे धुता धुता शिकल्या. माझे सुख उचलून कोणी तरी माझ्यासारख्या दुसऱ्या मुलीच्या पाठीवर ओझे म्हणून ठेवील. ह्या भयाने मी ती आठवण जन्मभर दडवून ठेवली आहे, आणि तू म्हणतोस ती वेठ मी स्वतःवर लादून घेतलेली आहे, हे मला आता दिसते. पण भय खोटे नव्हते. असे म्हणणारी माणसे शिक्षणखात्याच्या सभांतून मी ऐकलेली आहेत.

म्हणून माझा प्रश्न तुझी आठवण खरी की खोटी, हा उरलेला नाही. ती कोणाला सांगितली जाते, हा आहे. वाडीवरच्या मुलाला तू सांगितलेस की तुझ्या आजोबांनी मला मुठे धरावयास शिकविले, तर त्या सांगण्याने त्याची मान वर होईल. तेच वाक्य जमीन घेण्यास आलेल्या मनुष्याने वाचले, तर त्याला आपल्या खरेदीत एक गोड कथा फुकट मिळाली.

स्मरणशील : परंतु छापलेले पान वाचक निवडू शकत नाही. तू वर्गात बोलत आलीस. समोर कोण बसले आहे हे तुला दिसत असे. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. विकत घेणाऱ्याच्या हाती पडेल म्हणून मी लिहिलेच नाही, तर वाडीवरच्या मुलाच्या हाती पडण्याचीही शक्यता मी नष्ट करतो. आणि विकत घेणाऱ्याला उपयोगी पडू नये एवढ्याच हेतूने लिहिले, प्रत्येक आनंदाच्या शेजारी त्याच्या किमतीचा कागद चिकटवून दिला, तर ते लेखन मलाही ओळखीचे वाटणार नाही. तू खडकावर बसून वाचीत होतीस हे लिहिताना मी प्रत्येक वाक्यागणिक घरातल्या धुण्याचा ढीग मोजावा काय? त्या क्षणाचे मोल तर ह्यातच आहे, की तेवढ्यापुरता तो ढीग तुझ्या मनात नव्हता.

साशंक : ढीग मनात नव्हता, पण तो धुऊन झाला होता म्हणून नव्हता. एवढे एक वाक्य तू गाळू नयेस, इतकीच माझी अट आहे; आणि ते वाक्य घातले तरी खडकावरचा तो वेळ तसाच राहील की त्याचा रंग बदलेल, हे मला सांगता येत नाही. तू ते लिहून पाहा. मात्र नदीपासून आरंभ करू नकोस, वलगणीपासूनही नको. पेजेचे पान पुन्हा लिही, पळीसकट, आणि मला वाचावयास दे. ते लिहिताना आई क्रूर दिसली, तर ते असत्य होईल. तिने मला जितके जपले तितके कोणी कोणाला जपले नसेल, आणि माझ्या फायनलच्या फीसाठी तिने कानातल्या कुड्या मोडल्या. ती थोर दिसली, सोसणारी माउली दिसली, तर तेही मला चालणार नाही, कारण मग पळी पुन्हा अदृश्य होते. तिला दोष न देता आणि तिची पूजा न करता ती पळी वर येताना आणि खाली जाताना जशी होती तशी सांगता येईल काय? शाळेत असताना कित्येक सुट्ट्यांत मी पाटी घेऊन हे लिहावयास बसले आहे, आणि दोन ओळींच्या पुढे गेलेले नाही. तुला ते साधेल असे मी धरून चालत नाही.

स्मरणशील : मीही धरून चालत नाही. पण त्या दोन ओळी मला दे.